मांडवगडावरच्या दोन रात्री

इंदूरहून मांडवगड जेमतेम शंभर किलोमीटर. त्यामुळे आम्हा माळवावासीयांना त्याचे अप्रूप उरत नाही. सकाळी जावे, जहाजमहाल पाहावा, रूपमतीच्या मंडपावरून दूरवर नर्मदेची रेघ शोधावी आणि रात्री घरी परतावे, असा आमचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. या हिवाळ्यात मात्र नातवंडांच्या हट्टापायी आम्ही तेथे तंबू ठोकून राहिलो. रेवाकुंडाच्या वाटेवर, एका शेतकऱ्याच्या परवानगीने, अवाढव्य गोरखचिंचेखाली.

पहिली चूक आमचीच. शेकोटीभोवती बाफले खात असता अंधारातून दोन कुत्री आली आणि आम्ही कौतुकाने त्यांना तुकडे टाकले. गोग्रास, काकबळी यांच्या संस्कारात वाढलेल्यांचा हात अशा वेळी आखडत नाही. पहाटे पाहतो तो तंबूच्या दोऱ्यांपाशी सात कुत्री! एका तुकड्यावरून त्यांची आपसांत जुंपली, तेव्हा धाकटा नातू अवघ्या चार हातांवर उभा होता.

त्याच दुपारी तो एका पडक्या कमानीत शिरला. आतून पिलांचे कुंईकुंई ऐकू येत होते. हिवाळा हा गावकुत्र्यांच्या विणीचा काळ, हे आम्हांस ठाऊक होते. पण मुलांना ते सांगण्याचे सुचले नव्हते. आई गुरगुरली, पोर पळाले, आणि पळणाऱ्याच्या पाठीस लागणे हा तर कुत्र्याचा स्वभाव. पोटरीवर ओरखडा उठला. रक्त आले नव्हते. दात लागला की नख, हेही कळेना. तरीही साबण लावून घड्याळी पंधरा मिनिटे पाण्याच्या धारेखाली पाय धुतला आणि तडक धारचे सरकारी रुग्णालय गाठले. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी हाती लागणे जवळजवळ अशक्य; तेथे 'बघू उद्या' चालत नाही. आमच्या लहानपणीच्या पोटातल्या चौदा सुयांच्या आठवणीने आम्हीच अधिक घाबरलो होतो. आता लस दंडात देतात, तीही थोडक्या मात्रांत. उरलेल्या मात्रा ठरल्या दिवशी इंदूरला घेतल्या.

सायंकाळी शेतकऱ्याच्या वृद्ध आईने आपल्या पाळीव कुत्र्याला मुलांसमोर बसविले. आमच्या नातीने विचारले, "आजी, याला हात लावू?" म्हातारी हसली, म्हणाली, आधी मला विचारलेस हे बरे, आता त्यालाही विचार. मूठ मिटून पुढे धरायची, त्याला वास घेऊ द्यायचा. त्याने तोंड फिरविले तर तेच त्याचे उत्तर. मान्य दिसले तर डोक्यावरून नव्हे, मानेच्या बाजूने हात फिरवायचा. जेवणाऱ्या, निजलेल्या वा लेकुरवाळ्या कुत्रीकडे जायचेच नाही. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर झाड व्हायचे: हात खाली, नजर जमिनीवर, तोंडातून शब्द नाही. आडवे पडलोच तर कासवासारखे अंग आवळून मान व कान हातांनी झाकायचे. काळोख पडेपर्यंत मुले आळीपाळीने झाडे आणि कासवे होत होती. आमच्यापैकी काहींनीही कासव होऊन पाहिले. गुडघ्यांनी साथ दिली नाही.

त्या रात्री उरलेसुरले सारे अन्न डब्यात बंद करून गाडीत ठेवले आणि लघुशंकेलाही मूल एकटे बाहेर सोडले नाही. कुत्री आली, घुटमळली, निघून गेली.

सकाळी तंबू गुंडाळताना तीच कुत्री पिलांना घेऊन वाट ओलांडू लागली. नातू मधोमध होता. आमचा जीव घशाशी आला. त्याने हात खाली सोडले, नजर पायांकडे वळविली. कुत्रीने थबकून हवा हुंगली आणि पिलांसह ती कमानीकडे गेली. मग तो आमच्याकडे आला. पळत नव्हे, चालत.