तुझी गाडी किती वाजताची?

शार्दूल ठाकूरचं नाव निघालं की पालघर-बोईसर पट्ट्यात कुणी ना कुणी ब्रिस्बेन कसोटीचा विषय काढतंच. जानेवारी 2021, पहिल्या डावात 67 धावा, सामन्यात सात बळी. मला त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट जास्त मोलाची वाटते. बोईसरच्या तारापूर विद्या मंदिरातला हा मुलगा क्रिकेट प्रशिक्षक दिनेश लाड सरांच्या नजरेत भरला आणि त्यांनी त्याला बोरिवलीच्या आपल्या शाळेत बोलावलं. पालघरहून रोजची ये-जा झेपणार कशी, म्हणून घरचे कचरत होते. लाड सरांनी त्याला स्वतःच्या घरीच ठेवून घेतलं. हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेतले एका षटकातले सहा षटकार, सरांचा 2022चा द्रोणाचार्य पुरस्कार, हे सगळं नंतरचं. आधी पोराच्या जेवण्या-झोपण्याचा प्रश्न सुटला.

माझ्या सरांनी माझ्यासाठी जे केलं ते याच जातीचं, फक्त मी शार्दूल झालो नाही.

मी वैतरणा स्टेशनचा. लोकल डहाणूपर्यंत पोचली 2013 साली; आमच्या वेळी ती विरारलाच संपायची. पुढे शटल. ती चुकली की फलाटावर डास मारत बसा. किट दारात ठेवलं की शिव्या, आत नेलं की जास्त शिव्या. शेवटी मासळीच्या पाट्यांशेजारी जागा मिळायची आणि पॅडना बोंबलांचा वास लागायचा.

विरारला नेटवर गेलो की सर शर्टाच्या खिशातून रेल्वेचं घड्या पडून फाटायला आलेलं वेळापत्रक काढायचे. "तुझी गाडी किती वाजताची?" मी सांगितलं की लगेच, "मग उभा काय राहिलास? पॅड बांध!" विरारची पोरं कुरकुरायची. त्यांना कुठे ठाऊक, की पहिली बॅटिंग म्हणजे ताज्या दमाचे बॉलर आणि त्यातल्या त्यात नवा चेंडू! ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडायला मी शिकलो तो निव्वळ शटलच्या कृपेने.

सामना सकाळी लवकर असला की आदल्या रात्री मुक्काम सरांकडे. दोन खोल्यांचं घर, त्यात आम्ही तिघं-चौघं सतरंजीवर. काकू फक्त "किती जण?" एवढंच विचारायच्या आणि तांदूळ वाढवायच्या. कोचची नावं पेपरात येतात, तांदूळ वाढवणारीचं येत नाही. हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

आता मी स्वतः विरारला मुलांना शिकवतो. वाढीवचा एक मुलगा यायचा. खाडीतलं ते बेट. तिथून स्टेशन गाठायचं तर रेल्वेच्या पुलावरून चालत. तो बहुतेकदा उशिरा यायचा. अशा पोराला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावणारे कोच मी पाहिलेत. कोचिंगमधली ही सगळ्यात आळशी शिक्षा. पोरगं आधीच दमून आलेलं असतं, आणि का दमलं हे विचारायचे कष्ट कोचला नको असतात. कोपर वर, डोकं स्थिर, हे शिकवायला फार अक्कल लागत नाही. समोरचं पोर काय खाऊन आलंय, घरी किती वाजता पोचणार आहे, हे ज्याला माहीत नाही त्याने हातात शिट्टी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सर गेले, पाठोपाठ काकूही गेल्या. माझी तीन हंगामांची फी त्यांनी मागितली नाही आणि मी दिली नाही. आता ती द्यायची कुणाला? म्हणून विरारपलीकडून गाडीने येणाऱ्या मुलांकडून मी फी घेत नाही. बाकीच्या पालकांनी मात्र महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरावी.