दुधाची वडी

लेकीनं माझ्या दुधाला तोंड फिरवलं तेव्हा ती सात महिन्यांची होती. मी कॉलेजात होते. सासूबाईंचा फोन आला, "अगं, वाटीभर दूध तसंच पडलंय. चमचा लावला की थुंकतेय. आल्यावर वास घेऊन बघ." संध्याकाळी वास घेतला. दूध नासलं नव्हतं, आंबलंही नव्हतं. त्याला साबणाचा वास येत होता. भांडी घासून झाल्यावर बोटांना राहतो, तसा.

वाटी नीट विसळली गेली नसेल, असं मी म्हटलं आणि म्हणायला नको होतं. पुढचा तासभर घरात वाट्या, चमचे, घासणी आणि कोण किती पाणी वापरतं यावर बोलणं झालं. शेवटी फ्रीजरमधली दुसरी पिशवी वितळवली. तोच वास. तिसरी. तोच. वाटी निर्दोष होती, सासूबाईही. खोट माझ्या दुधातच होती.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे कारण सापडलं तेव्हा आधी हसू आलं, वाईट नंतर वाटलं. आईच्या दुधात लायपेज नावाचं विकर असतं. बाळाला स्निग्धांश पचावा म्हणून ते त्याची फोड करतं. दूध काढून ठेवलं तरी त्याला कुणी थांब म्हणत नाही. फ्रीजरमध्येसुद्धा ते सावकाश काम करत राहतं, आणि काही जणींच्या दुधात जरा जास्तच उत्साहानं. सुटी झालेली मेदाम्लं, म्हणजेच तो वास. बाळाला त्यानं अपाय होत नाही, बाळाला तो फक्त आवडत नाही. दूध काढल्याबरोबर कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवून, गार करून मग गोठवलं असतं तर हे टळलं असतं. हे मला कळेपर्यंत फ्रीजरमध्ये आणखी १९ पिशव्या जमल्या होत्या. प्रत्येकीत ९० मिलिलिटर, प्रत्येकीवर तारीख आणि वेळ, माझ्या फळ्यावरच्या अक्षरात.

त्या कुठे भरल्या तेही सांगते. आमच्या गावच्या एसटी स्टँडवर स्तनपानासाठी हिरकणी कक्ष आहे. आमच्या कॉलेजात नव्हता. प्रयोगशाळेमागच्या रसायनांच्या खोलीला आतून कडी लागते, एवढ्या गुणावर ती मला मिळाली. जागा योग्य नव्हती हे मलाही कळत होतं. प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचं, पंपाची घरघर बाहेर जाऊ नये म्हणून पंखा पाचवर ठेवायचा, आणि समोरच्या फळीवरची लेबलं वाचत बसायचं: सोडियम कार्बोनेट, सोडियम क्लोराईड, सोडियम हायड्रॉक्साइड. हिरकणीची गोष्ट आपण मायेची म्हणून सांगतो. दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून गवळण रायगडाचा कडा उतरली. खरंच आहे. पण भरून आलेली छाती दगडासारखी होते, ठणकते, गाठी धरते, अंगात ताप चढतो, हे गोष्ट सांगणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसावं. कडा उतरायला तेवढंही कारण पुरतं. पान्हा दरवाजे उघडायची वाट बघत नाही.

आता या १९ पिशव्यांचं काय करायचं? नाचणीच्या सत्त्वात घालून पाहिलं. लेकीनं सत्त्वही सोडलं. दान करावं असं मनात आलं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. वेळेआधी जन्मलेल्या, आईचं दूध मिळू न शकणाऱ्या बाळांना अशा पेढीतलं दूध देतात. पण त्याआधी देणाऱ्या बाईचं रक्त तपासतात, दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं ठेवून पाश्चराइज करतात, त्याची तपासणी करतात. माझं दूध रसायनांच्या खोलीत काढलेलं, आणि त्या पावसाळ्यात दोनदा वीज पाच-पाच तास गेलेली. दीड किलोच्या कुणा लेकराला हे पाजा, असं म्हणायची माझीच छाती झाली नसती.

राहता राहिली मोरी. मी पहिली पिशवी घेऊन मोरीशी वाकले आणि बाळाला न्हाऊ घालणाऱ्या मावशींनी हात धरला. "ताई, अंगावरचं दूध मोरीत वतायचं नसतंय. झाडाच्या बुडात वता." का, असं विचारलं तर म्हणाल्या, "नसतंय म्हणजे नसतंय." पिशवी परत फ्रीजरमध्ये गेली. महिनाभर आइस ट्रेला जागा नव्हती.

साबणाची कल्पना मला त्या वासानंच दिली. मेदाम्ल आणि अल्क मिळून साबण होतो, हे मी दरवर्षी शिकवते. माझ्या दुधानं अर्धी वाट आपणहून चालली होती. उरलेल्या वाटेवर काय लागतं, ते मी रोज दोनदा समोरच्या फळीवर वाचतच होते. (सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच कॉस्टिक, मी दुकानातून विकत आणलं, कॉलेजातलं नव्हे. हे लिहून ठेवलेलं बरं.) आईच्या दुधाचे साबण करतात हे ऐकून होते. त्यांच्याबद्दल जे सांगतात त्यातलं बरंचसं मात्र मला तेव्हाही पटत नव्हतं. दुधातली संरक्षक प्रतिपिंडं म्हणे साबणातून बाळाच्या त्वचेला मिळतात! प्रतिपिंडं म्हणजे प्रथिनं. कॉस्टिकच्या तावडीत सापडल्यावर त्यांचं काय होतं, हे सांगायला शिक्षक लागत नाही. कॉस्टिकचा थेंब हातावर पडला की आपलं आपल्यालाच कळतं. म्हणजे दुधाचं दूधपण जाणार हे ठाऊक असून मी साबण करायला बसले. उगाच कशाला खोटं बोला, ते बाळासाठी नव्हतंच.

सोडियम हायड्रॉक्साइडचं प्रत्येक तेलाशी वेगळं गणित असतं. खोबरेल २०० ग्रॅम, ऑलिव्ह तेल ३०० ग्रॅम. त्यातलं आठ टक्के तेल मुद्दाम तसंच शिल्लक ठेवायचं म्हटलं तर कॉस्टिक ७१ ग्रॅम. आणि दूध? १६५ ग्रॅम. मी आकडा तीनदा तपासला. म्हणजे दोनच पिशव्या. सगळं दूध वापरायचं तर पाच किलोंवर तेल लागलं असतं आणि साबणाचा कारखाना काढावा लागला असता. महिनाभर जे वाचवायचं म्हणून मी फ्रीजर अडवून बसले होते, त्यातलं नऊ दशांश वाचणारच नव्हतं.

तरी केला. लेक आजीजवळ झोपल्यावर रात्री खिडक्या उघडून, गॉगल आणि हातमोजे घालून. भांडं स्टीलचं घेतलं, कारण अॅल्युमिनियमला कॉस्टिक खातं आणि हायड्रोजन सोडतं. आपल्या स्वयंपाकघरात हा धोका हाताशीच असतो. दूध गोठलेलंच ठेवायचं आणि कॉस्टिक त्यात चमच्या-चमच्यानं घालायचं. उलटं, म्हणजे कॉस्टिकवर दूध, कधीही नाही. घाई केली की मिश्रण तापतं आणि दुधातली साखर करपते. मी घाई केली. पांढरंशुभ्र दूध बघता बघता आधी हळदीचं झालं, मग केशरी, आणि अमोनियाचा असा भपका आला की मी अंगणात जाऊन उभी राहिले. परत येऊन ते तेलात ओतलं आणि घोटत बसले. सुरुवातीला ताकासारखं, मग कढीसारखं, मग चमचा फिरवल्यावर मागे रेघ राहील इतकं दाट. आळवताना आई जशी "आता उतरव" म्हणते तसं मीच मला म्हटलं आणि ते वड्यांच्या ताटात थापलं. त्या ताटात पुन्हा कधी वड्या केल्या नाहीत, हेही सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सुरीनं सात वड्या पाडल्या. रंग गुळाचा. शेजारचा मुलगा डोकावला आणि म्हणाला, "काकू, खरवस?" सासूबाईंनी ताट असं काही उचललं की त्याला वाटलं, आपल्याला मुद्दाम देत नाहीत. त्याची समजूत घालायला त्यांनी खरोखरच चीक आणवून खरवस केला. खाताना मला एक गोष्ट खुपत राहिली. गायीच्या पहिल्या दुधासाठी आपण गवळ्याकडे नंबर लावतो, वेलदोडा घालून जिभल्या चाटतो. आणि बाईच्या अंगावरचा तोच पिवळा चीक कित्येक घरांत पिढ्यान् पिढ्या पिळून टाकला गेला, बाळाला बाधेल म्हणून. त्याऐवजी बाळाच्या तोंडाला मध लावला. माझ्या आजीनं आईच्या वेळी हेच केलं होतं. आता जन्मल्यापासून तासाभरात तोच चीक पाजा असं डॉक्टर सांगतात. साबणाच्या वड्या बघून नाक मुरडणाऱ्या सगळ्या बायका त्या दिवशी खरवस खात होत्या. मीसुद्धा.

उरलेल्या १७ पिशव्या मी मावशींच्या म्हणण्याप्रमाणे परसातल्या पारिजातकाच्या बुडाशी ओतल्या. एकदम नाही, रोज दोन. पारिजातकाला काही फरक पडला नाही. पडेल असं मलाही वाटलं नव्हतं.

वड्या सहा आठवडे कपाटावर वाळत ठेवल्या. पाणी उडून जातं, वडी घट्ट होते. त्या दिवसांत एकदा शिकवता शिकवता मी हिशेब केला. १६५ ग्रॅम दुधात शंभराला अठ्ठ्याऐंशी पाणीच. राहिले सुमारे २० ग्रॅम, सात वड्यांत मिळून. एका वडीत माझ्या दुधाचं म्हणून जेमतेम तीन ग्रॅम काहीतरी, आणि तेही ओळखू न येण्याजोगं. बाकी खोबरं आणि ऑलिव्ह.

बाळाच्या डॉक्टरांना दाखवली तर त्यांनी वडी हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, "लावायचा कशाला? कोमट पाणी पुरतं की." त्यांचं बरोबरच होतं. साबण कितीही मायेचा केला तरी तो अल्कधर्मीच, आणि बाळाची त्वचा किंचित आम्लधर्मी. मावशींनी तर बघितलाही नाही. त्यांची मसुराच्या पिठाची आणि सायीची वाटी तयार होती. नवऱ्यानं एकदा वापरला आणि पुढे कामाच्या गडबडीत त्याला कधी आठवण झाली नाही. मैत्रिणीनं एक मागितली होती, तिला मी दिली नाही. दूध म्हणजे शेवटी रक्तासारखंच एका अंगातून आलेलं. ते दुसऱ्याच्या बाळाला लावायला द्यावं हे मला बरं वाटलं नाही. सहा वड्या मीच संपवल्या, कॉलेजातून आल्यावर हातपाय धुताना. फेस बेताचा, स्पर्श मऊ. त्या दिवसांत मी पंप बंद केला होता. लेक वरण-भात खाऊ लागली होती आणि दुपारी दोनच्या सुमाराला छाती भरून येणं एके दिवशी थांबलं. कोणत्या दिवशी, ते मला सांगता येणार नाही. पिशव्यांवर तारखा होत्या, त्यावर नव्हती.

सातवी वडी कपाटात मागे सरकली होती. परवा लेकीला सापडली. ती आता अडीच वर्षांची आहे आणि हात धुणं हा तिचा सध्याचा मुख्य उद्योग आहे. स्टुलावर चढून तिनं वडी नळाखाली धरली, खसाखसा चोळली, मग नाकाशी नेली. बराच वेळ वास घेतला.

"आई, याला साबणाचा वासच नाहीये," ती म्हणाली, आणि दुकानातला गुलाबी साबण घेतला.