बुधवार-रविवारचे मासे

मालवण,
२२ जून

चि. मीनल,


परवा फोनवर तू रडवेली झालीस, ते मनातून जात नाही. "आत्या, माझ्याच्याने नाही झालं," म्हणालीस. मांस, मासे, अंडी, दूध, दही, तूप सगळं एका दिवसात सोडलंस, अठरा दिवस पाळलंस आणि एकोणिसाव्या रात्री ऑफिसातून दमून आल्यावर बिर्याणी मागवलीस. त्या बिर्याणीचं मला काहीच वाटत नाही. "आता सोडूनच दिलं" म्हणालीस, ते मात्र पटलं नाही. फोनवर धड बोलता येत नाही म्हणून लिहिते.

तुझ्या आजीच्या स्वयंपाकघरात सकाळचा पहिला प्रश्न असायचा, "आज खयचो वार गो?" सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, शिवाय एकादशी, संकष्टी आणि पुढे अख्खा श्रावण. मासे आपल्या घरी जीव की प्राण, तरी आठवड्यातले निम्मे दिवस चुलीवर कडधान्य नाहीतर पालेभाजीच असायची. पावसात तर आणखीच. १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते, अंडी घालायला आलेली मासळी तेवढी वाचते. बाजारात सध्या टाकळा आला आहे. काल कोवळा पाला निवडला, त्यात फणसाच्या आठळ्या ठेचून घातल्या, वर मूठभर ओलं खोबरं. सुकटीची आठवणसुद्धा झाली नाही.

आजीने हे देवासाठी केलं. तू देवाचं मान किंवा मानू नकोस, पण त्यातली सोय उचल. काय खायचं हे तिला रोज नव्याने ठरवावं लागत नव्हतं. तू रात्री नऊला भुकेली घरी येतेस आणि तेव्हा ठरवायला बसतेस, तिथेच सगळं फिसकटतं. बुधवार आणि रविवार माशांचे धर. एखाद्या सकाळी अंडं. बाकी दिवस उसळ, पिठी, आमटी, भाजी. दही-ताक चालू ठेव. मैत्रिणीच्या लग्नात गुरुवारी मटण वाढलं तर आनंदाने खा आणि शुक्रवारी परत मटकी भिजव.

सगळंच सोडण्याची मला भीती का वाटते, ते तुला कधी सांगितलं नव्हतं. साखर वाढली तेव्हा मीही असंच सगळं बंद केलं होतं. दूध सोसत नव्हतं म्हणून तेही. तिसऱ्या वर्षी पायांना मुंग्या यायला लागल्या, जिना चढताना पाऊल कुठे पडतंय ते कळेना. वय झालं म्हणून मी अंगावर काढलं. रक्त तपासलं तेव्हा बी-१२ अगदी तळाला गेलेलं निघालं, मग इंजेक्शनं घ्यावी लागली. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात किंवा डाळीत मिळत नाही. दूध, अंडी, मासे यांतून मिळतं, नाहीतर गोळीतून. पुढेमागे सगळं सोडायचंच ठरवलंस तर गोळी घेऊनच सोड. बांगडा आणि तारली यांची आणखी एक गोष्ट आहे. त्यांच्यातलं ओमेगा-३ शरीराला थेट वापरता येतं. जवसातल्याचं तसं रूपांतर फार थोडं होतं.

आता तुझ्या ताटाबद्दल. तू फोटो पाठवला होतास त्यात भाताचा ढीग, दोन चमचे पातळ वरण आणि बटाट्याची भाजी होती. पोरी, असल्या जेवणाने दुपारी चारला भूक लागणारच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराचे नियम नव्याने सांगितले. त्यात दिवसाच्या उष्मांकांपैकी धान्याचा वाटा ४५ टक्क्यांवर जाऊ नये असं म्हटलं आहे. तुझ्या पंचावन्न किलो वजनाला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम प्रथिनं हवीत, आणि सुक्या कडधान्याच्या एका मुठीतून सहा-सातच मिळतात. म्हणून दोन्ही जेवणांत उसळ वाटीभरून घे आणि भात तिच्यासोबत खा. वर लिंबू पिळ. कडधान्यातलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतेस तो तासभर पुढे ढकल, चहाने ते लोह वाया जातं.

वेळ नाही म्हणतेस, तर कुळथाची पिठी शीक. चार-पाच लसूण पाकळ्या सालासकट ठेच. तेलात मोहरी, लसूण, हिरवी मिरची. लसूण लालसर झाला की दोन भांडी पाणी ओत. तोवर तीन चमचे पीठ गार पाण्यात गुठळी न राहील असं कालव. पाण्याला उकळी फुटली की पीठ एका हाताने ओत आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. ढवळणं थांबलं की तळाला धरते. मीठ, दोन-तीन सोलं. पिठी फुगून वर येते आणि भाजल्या कुळथाचा वास घरभर जातो. भात कुकरला लावून आलीस तर शिट्ट्या होईपर्यंत ही तयार. बाहेरून मागवलेली बिर्याणी यायला याहून जास्त वेळ लागतो.

मटकी रविवारी सकाळी भिजव, रात्री उपसून फडक्यात बांध. सोमवारी मोड येतील. दोन डबे करून फ्रिजमध्ये ठेव, गुरुवारपर्यंत पुरतात.

शेजारचा मुलगा शनिवारी पुण्याला यायचा आहे. त्याच्याबरोबर कुळथाचं पीठ, सोलं आणि किलोभर काळे वाटाणे पाठवते. वाटाणे रात्रभर भिजल्याशिवाय शिजवायला घेऊ नकोस. पीठ कोरड्या डब्यात ठेव, पावसात लगेच जाळी धरते. आणि याच महिन्यात बी-१२ तपासून घे, आकडा मला कळव.

तुझी,
आत्या