उद्यमनगरातलं विमान

खंडेनवमीला कोल्हापूरच्या उद्यमनगरात वेगळाच वास असायचा. रॉकेलनं पुसलेल्या लेथचा, झेंडूचा, उदबत्तीचा. एरवी सकाळपासून कानात बसणारी लोखंडाची खणखण त्या दिवशी बंद. मामांच्या शेडमध्ये लेथला, ड्रिलला, पान्यांच्या फळीला हार घालून झाले की आजूबाजूचे फिटर, टर्नर, ओतारी एकेक करून जमायचे. हातांना काम नाही, त्यामुळे गप्पांना ऊत. सत्तरच्या दशकातल्या अशाच एका खंडेनवमीला विषय निघाला विमानाचा.

कुणीतरी जुन्या मासिकातलं 'पुष्पक'चं चित्र आणलं होतं. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टचं दोन माणसांचं विमान. 1958 साली पहिल्यांदा उडालेलं. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड. देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पोरं त्यावर शिकायची. एक टर्नर म्हणाला, "असलं एखादं मोडकं मिळालं, तर अँबॅसॅडरचं इंजिन बसंल का त्याला?"

कुणी हसलं नाही. त्याचं मला आजही फार अप्रूप वाटतं. परदेशी ऑइल इंजिन खोलायचं, मापं घ्यायची, साचा करून इथल्या फाउंड्रीत तसंच ओतायचं, यावर तर हे गाव मोठं झालं. बाबूराव पेंटरांनी 1918 साली सिनेमाचा कॅमेरा इथंच घडवला होता. म्हादबा मेस्त्रींसारख्या इथल्याच कारागिराचं नाव ऐकत वाढलेली ही माणसं. 'बसंल का' हा त्यांच्या लेखी रीतसर प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मापानं द्यायचं असतं.

मामांनी खडू घेतला आणि फरशीवरच हिशेब मांडला. अँबॅसॅडरचं 1489 सीसीचं इंजिन, ताकद पन्नास-पंचावन्न अश्वशक्ती, तीही मिनिटाला 4200 फेऱ्यांच्या आसपास. पंखा सहा फुटांचा धरला आणि तेवढ्या फेऱ्यांनी फिरवला, तर त्याची टोकं आवाजापेक्षा जास्त वेगानं धावणार. मग हवा ओढणं राहिलं बाजूला, नुसता कल्लोळ. पुष्पकचं 90 अश्वशक्तीचं काँटिनेंटल इंजिन अडीच हजारांच्या आतच काम उरकतं, म्हणून पंखा थेट क्रँकशाफ्टवर. म्हणजे इथं मधे पुली आणि पट्टा आला. सातास चारचं प्रमाण, मामा म्हणाले. पुली-पट्टा तर आमच्या लोकांच्या रोजच्या हाताखालचा.

मग खरा वाद पेटला. पंखा क्रँकशाफ्टला पुढं ओढत राहणार. मोटारीच्या इंजिनाला क्लचच्या दाबापलीकडं असा भार माहीत नसतो. त्यासाठी वेगळं थ्रस्ट बेअरिंग हवं. ठिणगी बंद पडली तर रस्त्याकडेला थांबता येत नाही, म्हणून विमानाला दोन मॅग्नेटो आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. मोटार पूर्ण जोर लावते ती घाटापुरती, विमान तासन्‌तास लावतं. हे मात्र सगळ्यांना चटकन पटलं, कारण गुऱ्हाळावरचं इंजिनही रात्रंदिवस तसंच राबतं. शेवटी अडलं वजनावर. बिडाचा ब्लॉक, वर रेडिएटर आणि पाणी. "एकटा माणूस, तोबी बारीक," असा निकाल लागला.

त्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं, पण अमेरिकेत मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह नावाच्या खेड्यात बर्नार्ड पिटनपोल या मेकॅनिकनं हे 1929 च्या सुमारास करून दाखवलं होतं. त्यानं फोर्डचं मॉडेल ए इंजिन निवडलं. मोठं, संथ, 2200 फेऱ्यांवरच 40 अश्वशक्ती देणारं, त्यामुळं पुली-पट्ट्याची भानगडच नाही. त्याच्या आराखड्यांवरून लोक आजही विमानं बांधतात. आमच्या शेडमधल्या त्या मंडळींना त्याच्यापर्यंत पोचायला एका बऱ्या इंजिनाचीच कमी होती, असं मी मनापासून मानतो.

मोडकं पुष्पक काही मिळालं नाही. राजाराम महाराजांच्या काळातल्या, 1939 च्या उजळाईवाडीच्या धावपट्टीकडं सायकलीवरून जाताना मला मात्र ते तिथं उभं दिसायचं, बोनेटऐवजी नाकात अँबॅसॅडरचं इंजिन घेऊन. पुढं कॅप्टन अमोल यादवांनी मुंबईत चारकोपला घराच्या गच्चीवर विमान बांधलं आणि 2017 साली त्याची सरकारदरबारी नोंद झाली, तेव्हा ती बातमी मी दोनदा वाचली.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पुष्पक ज्यांच्या देखरेखीखाली आकाराला आलं, ते डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. 1951 साली उडालेल्या एचटी-2 या पहिल्या भारतीय बनावटीच्या विमानाचे आरेखक. त्यांचा जन्म 1908 चा, गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूचा. आणि मामा तर दर हंगामात गुऱ्हाळांची इंजिनं दुरुस्त करायला त्याच भागात जायचे! त्यांना कुणी हे सांगितलं असतं, तर पान्यांची पिशवी खांद्यावर टाकून ते हसूरचंपूत घाटग्यांचं घर विचारत गेले असते.