शिकायला मिळालं, पण कुणाच्या खर्चानं?

क्षेत्रकार्याच्या शेवटच्या दिवशी प्रत्येक विद्यार्थी एक वाक्य हमखास बोलतो. "इथं खूप काही शिकायला मिळालं." समाजकार्य आणि समाजशास्त्राचे विद्यार्थी मावळात आमच्याकडे इंटर्नशिपला यायला लागले, तेव्हापासून हे वाक्य आम्ही ऐकतो आहोत. सुरुवातीला बरं वाटायचं. आता आम्ही विचारतो, काय शिकलात, कुणाकडून शिकलात आणि त्या शिकण्याचा खर्च कुणी केला?

इंटर्नशिपला आता क्रेडिट असतात. वहीवर सही होते, अहवाल जमा होतो, गुण मिळतात. वस्तीला काय मिळतं, असा रकाना त्या वहीत नसतो. म्हणून यंदा शेवटच्या बैठकीत आम्ही विद्यापीठाचा छापील नमुना बाजूला ठेवला आणि सहाही जणांना सांगितलं, जे वहीत लिहिलं नाही ते बोला.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकानं खोलीचा विषय काढला.

पहिल्याच आठवड्यात दोन मुलं मिळून लोणावळ्याजवळ खोली बघायला गेली होती. खोली रिकामी होती, भाडंही ठरलं. मग मालकानं आडनावं विचारली. पहिल्याचं ऐकून मान हलवली. दुसऱ्याचं ऐकल्यावर गाव विचारलं, गावात घर कुठल्या अंगाला आहे तेही विचारलं, आणि मग आठवलं की घरी पाहुणे येणार आहेत. दुसऱ्या दिवशी पहिल्याला एकट्याला फोन आला. पाहुण्यांचं येणं रद्द झालं होतं. त्यानं खोली घेतली.

ज्याला खोली नाकारली त्या बौद्ध मुलाच्या वहीत त्या दिवसाची नोंद एका ओळीची आहे, "राहण्याच्या सोयीबाबत थोडी अडचण आली." ज्यानं खोली घेतली तो बैठकीत म्हणाला, "मला कळलं होतं. पण मला वाटलं, मी नाही म्हणून काय फरक पडणार?" बौद्ध मुलगा त्याच्याकडे न बघता म्हणाला, "तू नाही म्हणाला असतास तर आपण दोघं बाहेर असतो. एवढाच फरक. पण मला तो पुरला असता."

इथं आमचीही चूक सांगितली पाहिजे. त्या मुलानं पहिल्या दिवशीच आम्हाला हे सांगितलं होतं. आम्ही काय केलं? तासाभरात बौद्ध वस्तीतली एक खोली मिळवून दिली आणि विषय मिटला असं समजलो. मालकाला जाऊन विचारलं नाही, कुठं नोंद केली नाही, त्या दिवशीच्या बैठकीतही विषय घेतला नाही. सोय केली आणि अपमान गिळायला लावला. असे प्रसंग इतके अंगवळणी पडलेत की ते आम्हाला क्षेत्रकार्याचा भाग वाटलेच नाहीत. विद्यार्थी जातीचा अभ्यास करायला वाडीवर जाणार होते. जात तर पहिल्या आठवड्यातच त्यांच्या खोलीच्या दारात उभी होती.

त्या रात्री आम्ही त्यांना चाळीसगावची गोष्ट सांगितली. १९२९ साल. अस्पृश्यांच्या परिस्थितीची चौकशी करायला मुंबई सरकारनं नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. म्हणजे तेही क्षेत्रकार्यावरच होते असं म्हणा. खानदेशचा दौरा करून ते चाळीसगावला उतरले. वस्तीत न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तडजोड अशी झाली की टांगा द्यायचा, पण हाकायला टांगेवाला यायचा नाही. मग वस्तीतल्याच सवय नसलेल्या माणसानं टांगा हाकला, पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. बॅरिस्टर, परदेशी पदव्या, सरकारी समितीचं सदस्यत्व, यातलं काहीही त्या टांगेवाल्याच्या जातीच्या अभिमानापुढं चाललं नाही. बाबासाहेबांनी हे सगळं पुढं स्वतः लिहून ठेवलं. आपल्याला त्यातून घ्यायचं ते हेच. चौकशी करणाऱ्याची जात चौकशीच्या बाहेर राहत नाही, आणि सोसलेलं लिहून ठेवणं हाही चौकशीचाच भाग आहे. त्यांनी "प्रवासात थोडी अडचण आली" असं लिहिलं नाही.

दुसरी गोष्ट कातकरी वाडीची. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. बाकीचे दोन कोलाम आणि माडिया गोंड. जानेवारीत दोघी मुली सर्वेक्षणाचे कागद घेऊन वाडीवर गेल्या. निम्म्या घरांना कुलूप. त्यांनी अहवालात लिहिलं, "पालकांमध्ये शिक्षणाविषयी अनास्था असल्याने मुले शाळाबाह्य आहेत." भाषा स्वच्छ, वाक्य बरोबर, आणि अर्थ पूर्ण चुकीचा.

वाडीवर मागं राहिलेल्या एका म्हाताऱ्या आजीला त्यांनी विचारलं होतं, मुलांना शाळेत का ठेवत नाही? आजी म्हणाली, "ठेवते की. मायबाप भट्टीवर गेल्यावर भाकर कोण घालणार त्यास्नी? तू राहशील का हितं?" मुलींनी हे उत्तर कागदावर घेतलंच नाही, कारण कागदावर त्याला जागा नव्हती. पर्याय चार होते आणि आजीचं उत्तर त्यातल्या एकातही बसत नव्हतं.

आम्ही त्यांना वीटभट्टीवर नेलं. दिवाळीनंतर घरं बंद करून अख्खी कुटुंबं तिथं जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. पावसाळ्यात घर चालवायला घेतलेली उचल डोक्यावर असते. मजुरी हजार विटांवर ठरते, हिशेब मालकाच्या वहीत राहतो, आणि हंगाम संपताना उचल फिटली नाही असं निघालं की पुढच्या वर्षीचा हंगामही बांधला जातो. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. कर्जापोटी माणसाला कामाला बांधून ठेवणं त्या कायद्यानं गुन्हा आहे. हे सगळं "अनास्था" या एका शब्दाखाली गाडलं गेलं होतं.

मुलींनी ते वाक्य खोडलं. तेवढ्यावर न थांबता वाडीतल्या लोकांबरोबर बसून मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची मागणी करणारा अर्ज लिहिला, लोकांच्या सह्या आणि अंगठे घेतले, तो देऊन पोच घेतली. उत्तर अजून आलेलं नाही. मुली परत गेल्या, त्यांना गुणही मिळाले असतील. अर्जाच्या मागं आता आम्ही आणि वाडी आहोत. इंटर्नशिप संपते, प्रश्न संपत नाही, हे आम्ही प्रत्येक तुकडीला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

शेवटच्या रविवारी सगळ्यांना घेऊन मळवलीला उतरलो. आधी भाजे, मग कार्ले. कार्ल्याचा चैत्य हा देशातला सर्वांत मोठा शैलचैत्य म्हणून सगळ्यांना माहीत असतो. तिथले ब्राह्मी शिलालेख मात्र थांबून बघणारे थोडे. ते दानाचे लेख आहेत. त्यात वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, तसाच धेनुकाकटचा सुतार आहे, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, यवन आहेत, भिक्षुणीही आहे. कुणी काय दिलं ते नावानिशी कोरलेलं आहे. खोली घेतलेला तो मुलगा खांबापाशी उभा राहून म्हणाला, "सुताराचं नाव दोन हजार वर्षं टिकलं. माझ्या अहवालात तर सगळे 'उत्तरदाता क्रमांक अमुक' आहेत."

संशोधनात नावं झाकावी लागतात, तेही बरोबरच आहे. भट्टीवरच्या माणसाचं नाव छापलं तर त्याचीच रोजी जाईल. पण नाव झाकणं वेगळं आणि माणसाचं देणं नाकारणं वेगळं. आजीनं आपलं उत्तर दिलं नसतं तर तो अहवाल खोटाच राहिला असता. ती त्या अहवालाची दाता आहे. तिला तो वाचूनसुद्धा दाखवायचा नाही, हे कसलं समाजशास्त्र?

हा प्रश्न आधी आम्हालाच लागू होतो. आमच्यापैकी बहुतेकांनी एमए करताना वस्त्यांवर जाऊन प्रबंध लिहिले. आपल्याच माणसांकडून माहिती घेतली, चहा त्यांच्याच घरी प्यायलो. त्या प्रबंधाची एक प्रतही आमच्यापैकी कुणी वस्तीत परत नेली नव्हती. आपण त्याच समाजातले आहोत एवढ्यानं आपलं काम आपोआप समाजाचं होत नाही.

म्हणून पुढच्या तुकडीपासून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली, येणाऱ्या प्रत्येकानं पहिल्या आठवड्यात वस्तीबद्दल नाही, स्वतःबद्दल लिहायचं: आपलं आडनाव इथं काय उघडतं आणि काय बंद करतं. दुसरी, जातीवरून कुणालाही नाकारलं गेलं तर त्याच दिवशी लेखी नोंद होईल, सगळी तुकडी त्यावर बसेल, आणि नाकारलेल्या जागेत तुकडीतलं कुणीही राहणार नाही. तिसरी, अहवाल विद्यापीठात जाण्याआधी वस्तीत मोठ्यानं वाचला जाईल. लोक जे खोडतील ते खोडलं जाईल, आणि विद्यार्थ्याला ते पटलं नाही तर दोन्ही मतं शेजारी शेजारी लिहिली जातील.

काही महाविद्यालयांना हे जड वाटेल, काही विद्यार्थी दुसरीकडे जातील. जाऊ देत.

निघताना त्या दोन मुलांतला पहिला बौद्ध वस्तीतल्या खोलीवर आला. शेवटचे चार दिवस तो तिथंच राहिला. आधीच्या मालकाला त्यानं खोली सोडण्याचं कारण स्पष्ट सांगितलं होतं. उशीर झाला होता, हे तोच म्हणाला. दुसऱ्यानं वही काढली, ती एक ओळ खोडली आणि त्या दिवशी काय घडलं ते दोन पानं भरून लिहिलं. त्या पानांवर आम्ही सही केली.

जयभीम.