रिव्हरसाइडचे ट्रामस्थानक

परदेशी गेलेला मनुष्य परत आला, की तेथील चर्चे, संग्रहालये आणि पूल यांचे वर्णन हौसेने करतो. स्थानकाबाहेर मोटारी उभ्या करण्याच्या आवाराविषयी मात्र कोणी अवाक्षर काढीत नाही. आज आम्ही वाचकांस तशाच एका आवारात घेऊन जाणार आहोत.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील बोस्टन शहराच्या पश्चिमेस न्यूटन हे उपनगर आहे. त्याच्या टोकाला, चार्ल्स नदीच्या जवळ, रिव्हरसाइड हे स्थानक लागते. नावाचा अर्थ नदीकाठ. पण उतरणाऱ्याच्या नजरेत प्रथम भरतात त्या मोटारीच. सुमारे नऊशे मोटारी मावतील असे हे आवार, आणि शेजारूनच बोस्टनला वळसा घालणारा मोठा हमरस्ता जातो. आपल्याकडे शेतकऱ्याचा मुलगा स्टेशनाबाहेर सायकल ठेवून शहराची गाडी पकडतो, तद्वत दूरदूरच्या गावांची माणसे येथे मोटार ठेवून ट्राममध्ये बसतात आणि पाऊण तासात शहराच्या मध्यावर पोहोचतात.

ट्राम म्हटले, की आमच्या पिढीला मुंबईच्या रस्त्यातून खडखडत जाणारी, १९६४ साली बंद झालेली ट्राम आठवते. ही तशी नव्हे. डोक्यावरच्या तारेतून वीज घेणारी ही हिरवी गाडी नऊ-दहा मैल स्वतःच्या रुळांवरून, झाडीतून आणि घरांच्या परसांमागून धावते आणि मग भुयारात शिरते. त्या भुयाराचा सर्वांत जुना भाग १८९७ सालचा, म्हणजे अमेरिकेतील पहिला. याच भुयारातून निघणारी दुसरी एक शाखा येशूसंघीयांच्या बोस्टन कॉलेजपाशी संपते.

हे रूळ मुळात ट्रामसाठी घातलेलेच नव्हते. १८४८ साली आगगाडीचा एक फाटा ब्रुकलाइनपर्यंत आला आणि पुढे हळूहळू लांबत गेला. बोस्टनच्या बॅक बे या पाणथळ भागात भर घालून नवी वस्ती उभारण्याचे काम १८५८ नंतर बरीच वर्षे चालले. त्या भरावाचा मुरूम नीडहॅमहून याच वाटेने वाघिणी भरभरून गेला. १८८६ साली मार्ग रिव्हरसाइडपर्यंत पुरा झाला. रेल्वे कंपनीने काही स्थानके बांधण्यास एच. एच. रिचर्डसन यांना बोलावले. बोस्टनचे सुप्रसिद्ध ट्रिनिटी चर्च बांधणारे वास्तुविशारद ते हेच. आवारातील झाडे कोठे लावावीत हे सांगण्यास ऑल्मस्टेड होते, ज्यांनी न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क आखले. खेड्यावजा वस्तीच्या छोट्या स्थानकांसाठी एवढी मोठी माणसे! आम्हांस या गोष्टीचे फार कौतुक वाटले.

पुढे घरोघरी मोटारी आल्या आणि आगगाडीचे उतारू ओसरले. १९५८ च्या मे अखेरीस शेवटची गाडी गेली. रूळ उखडले जाणार, असेच कोणालाही वाटले असते. परंतु शहराच्या वाहतूक मंडळाने तेरा महिन्यांत तारा टाकून ४ जुलै १९५९ रोजी त्याच मार्गावर ट्राम सोडली. ज्या मोटारीने आगगाडी मारली तिलाच स्थानकाच्या दारात जागा द्यावी, ही त्यातील युक्ती. ती इतकी फळली, की उतारू अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक आले आणि गाड्या कमी पडू लागल्या. वॉटरटाउनची जुनी ट्राम १९६९ साली बंद झाली, त्याच्या कारणांत ही टंचाईही होती.

आणखीही एक किंमत मोजावी लागली. मोटारींना जागा हवी होती. चेस्टनट हिलची रिचर्डसन यांनी बांधलेली दगडी इमारत १९६० च्या सुमारास पाडून तेथे मोटारींसाठी आवार केले. वुडलँडची तेवढी वाचली. ती शेजारच्या गोल्फ क्लबाच्या सामानाची कोठी होऊन राहिली.

आवारे केली नसती तर ट्राम टिकली नसती, हे आम्हांस पटते. तरीही दिवसभर झोपलेल्या मोटारींसाठी एवढी भूमी अडकवावी काय, हा प्रश्न मनातून जात नाही. तो तेथील लोकांनाही छळतो. रिव्हरसाइडच्या आवारात घरे बांधण्याचे बेत कित्येक वर्षे निघत आले आहेत.

परतताना आम्ही मुद्दाम चेस्टनट हिलला उतरलो. दिवे लागले होते. दगडी स्थानकाच्या जागी मोटारींची एक रांग उभी होती. एका मोटारीत एक आई इंजिन बंद करून बसली होती. आमच्यामागून उतरलेला तिचा मुलगा दप्तर सावरीत तिच्याकडे धावत गेला आणि आत शिरण्याआधीच काहीतरी भराभरा सांगू लागला.