तीन महिन्यांची सुई

बैल खच्ची करण्याविषयी आमच्याकडं माणूस चारचौघांत मोठ्यानं बोलतो. स्वतःच्या अंगाविषयी मात्र शेजारच्याला पत्ता लागू देत नाही. कर्जत-खालापूरकडं साठीच्या पुढचा गडी रात्री चार वेळा लघवीला उठला तर "वय झालं" म्हणतात, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, ती वयानं वाढतेच. माझं दुखणं मात्र कमरेत उतरलं. लावणीला खाचरात वाकता येईना. रक्ताची पीएसए तपासणी झाली, तुकडा काढून तपासला, हाडांचा स्कॅन झाला. कॅन्सर कमरेच्या हाडात पोचला होता.

मग परळच्या टाटा हॉस्पिटलच्या खेपा. पहाटेची कर्जत लोकल, दादरला उतरायचं. डॉक्टरांनी समजावलं, की हा कॅन्सर पुरुषाच्या हार्मोनवर, टेस्टोस्टेरॉनवर पोसतो. हाडात पसरलेला कापून निघत नाही, पण त्याचं खाणं तोडता येतं. मला आपलं पाटाचं पाणी डोळ्यांपुढं आलं. वर बांध घातला की खालचं खाचर सुकतं, तसंच हे.

बांध घालायच्या दोन तऱ्हा. एक छोटं ऑपरेशन, वृषण काढून टाकायचे. खर्च कमी, एकदा केलं की झालं. दुसरी, दर तीन महिन्यांनी सुई. मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी आहे, तिथून वृषणांना हुकूम जातो. सुई त्या ग्रंथीला आधी इतकं पिटाळते की थोडे दिवस हार्मोन उलट वाढतं, मग ती थकून गप्प बसते. त्या पहिल्या दिवसांत दुखणं उसळू नये म्हणून वेगळ्या गोळ्या देतात. मुलानं वाचून सांगितलं, की चार्ल्स हगिन्स नावाच्या शिकागोच्या डॉक्टरनं ही वाट १९४१ साली दाखवली आणि १९६६ ला त्याला नोबेल मिळालं. टाटा हॉस्पिटलही १९४१ चंच.

इच्छा जाईल, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मुलगा बाजूला बसलेला. मी चपलांकडं बघत होतो.

गोऱ्हे बडवताना मी लहानपणापासून पाहिलेत. पुढं गुरांच्या दवाखान्यातला चिमटा आला. नस दाबली की काम झालं, रक्ताचा थेंब नाही. त्या जनावराचे पाय मीही धरलेत. आता पाळी माझी, हाच विचार लोकलमध्ये बदलापूर गेलं तरी सुटेना. घरी येऊन मंडळीला सांगायला दोन दिवस लागले. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "वळू गावभर उंडारतो. जोताला बैलच लागतो. तुम्ही सुई घ्या."

घेतली. महिन्याभरात अंगातून वाफा निघायला लागल्या. माघातल्या थंडीत छातीपासून कानापर्यंत आग, मग घाम, मग हुडहुडी. मंडळी हसली. पाळी जाताना तिला हेच झालं होतं आणि मी पंखा बंद कर म्हणून ओरडायचो, हे तिनं बरोबर लक्षात ठेवलेलं. दंड उतरले, पोट सुटलं, छाती हुळहुळायला लागली. भाताचं पोतं आता पाठीवर येत नाही. कधी उगाच डोळे भरतात. इच्छा म्हणाल तर भूक नसलेल्या माणसापुढं ताट ठेवावं तसं. ताट दिसतं, एवढंच. पण आम्ही एका खोलीतच झोपतो आणि पूर्वीपेक्षा जास्त बोलतो.

हाडं ठिसूळ होतात म्हणून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि रोज चालणं. बांधावरून तासभर चालतो. पीएसए खाली आलाय, कमरेचं दुखणं पुष्कळ बसलंय. हा कॅन्सर कायमचा गेलेला नाही. काही काळानं तो कमी हार्मोनवरही वाढायला शिकतो. मग दुसरी औषधं आहेत. या साली 'कर्जत ३' ची लावणी बायांनी केली, चिखलणी मी उभं राहून करून घेतली.

मागं खोपोलीकडचा एक ओळखीचा गडी अंधार पडल्यावर आला. त्यालाही सुई सांगितलीय आणि तो नाही म्हणत होता. मरेन पण पुरुष म्हणून मरेन, असं काहीतरी. मी त्याला वरचं सगळं सांगितलं, वाफांसकट. मंडळीनं चहा ठेवता ठेवता म्हटलं, "भाऊ, तुमच्या घरी विचारलंत का, त्यांना कसा माणूस पाहिजे? की न विचारताच ठरवलंत?"

तो बराच वेळ बशीतला चहा बघत बसला. मग हळूच विचारलं, "मिशी राहते का?"

मी तोंड दिव्याकडं केलं. मिशी राहिलीय. दाढी तेवढी सावकाश वाढते, आठवड्याला एक पातं वाचतं.